छायाचित्राची छाटणी

छायाचित्र आडवे पडले, की दोष बहुधा ते काढणाऱ्याच्या माथी मारला जातो. मुंजीतल्या बटूचे, लग्नाच्या पंगतीचे किंवा नव्या सुनेच्या गृहप्रवेशाचे छायाचित्र मोबाईलच्या पडद्यावर उभे आणि व्यवस्थित दिसत असते. तेच एखाद्या मंडळाच्या ॲपवर किंवा अर्जाच्या पानावर चढविले, की त्यातील माणसे कुशीवर निजल्यासारखी दिसू लागतात. मग वडील मंडळी म्हणतात, ‘तुला फोन नीट धरता येत नाही,’ आणि मुले म्हणतात, ‘तुमचा फोनच जुना झाला आहे.’ वस्तुतः या दोन्ही निदानांत फारसे तथ्य नसते. दोष असतो तो ॲप लिहिणाऱ्याच्या आज्ञावलीत.

हा विषय या सदरात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याला दोन उत्तरे आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अथवा गोवे, कोठेही पाहिले तरी आमच्या पुष्कळ घरांतून या धंद्यात शिरलेला एखादा मुलगा वा एखादी मुलगी आता आढळते. त्यांचे काम नेमके काय असते, हे आईवडिलांना थोडेतरी ठाऊक असावे. दुसरे असे, की भिंतीवरच्या आणि ट्रंकेतल्या जुन्या तसबिरी आता याच मोबाईलमध्ये उतरविल्या जात आहेत. त्यांतील काय राहणार आणि काय छाटले जाणार, हे या आज्ञावलीच्या चार ओळी ठरवितात. तेव्हा त्या चार ओळींची माहिती घराघरांत असणे अगत्याचे आहे.

प्रथम निवडीची गोष्ट पाहू. ॲपला आपले एक छायाचित्र हवे असते. काही वर्षांपूर्वीपर्यंत अशी ॲप्स त्या एकासाठी सबंध संग्रहाची परवानगी मागत. पाहुण्याने एक तसबीर पाहावयास मागावी आणि आपण त्याच्या हाती कपाटाची किल्लीच द्यावी, तसा तो प्रकार होता. २०२० साली आयफोनच्या चौदाव्या आवृत्तीत आणि २०२२ साली अँड्रॉइडच्या तेराव्या आवृत्तीत ही रीत बदलण्याची सोय झाली. आता निवडीची खिडकी फोनच स्वतः उघडतो; आपण बोट ठेवू तेवढेच चित्र ॲपच्या हाती पडते आणि कपाट बंदच राहते. तरीही एखादे ॲप एका चित्रासाठी सगळा संग्रह मागत असेल, तर त्याला नकार देण्यास संकोच करू नये. लिहिणाऱ्यानेही एवढे ध्यानात ठेवावे, की अशा रीतीने मिळालेली परवानगी पुष्कळदा तात्पुरती असते. चित्र पुढे लागणार असेल, तर त्याची प्रत वेळीच स्वतःजवळ करून घ्यावी. नाहीतर दुसऱ्या दिवशी ॲप उघडल्यावर तेथे रिकामी चौकट दिसते.

आता आडव्या पडण्याचे कारण. फोनमधील कॅमेऱ्याचा प्रकाशग्राही तुकडा आतमध्ये घट्ट बसविलेला असतो. फोन आपण उभा धरला म्हणून तो काही आत फिरत नाही. तो आपल्या ठरलेल्या बाजूनेच बिंदूंच्या ओळी वाचीत जातो. फोन कसा धरला आहे, हे त्यातील दुसऱ्या एका लहानशा यंत्राला कळते. मग कॅमेरा चित्राचे बिंदू होते तसेच ठेवतो आणि चित्रासोबत एक चिठ्ठी जोडतो, ‘दाखविताना इतके फिरवा’ अशी. पार्सलाच्या खोक्यावर ‘ही बाजू वर’ असे लिहिलेले असते ना, तसाच हा प्रकार. या चिठ्ठीच्या पद्धतीला एक्झिफ म्हणतात. तिचा पहिला नमुना १९९५ साली जपानमध्ये सिद्ध झाला. दिशेसाठी तीत एक ते आठ असे आकडे आहेत. १ म्हणजे चित्र सरळ आहे. ३ म्हणजे ते पूर्ण उलटे आहे. ६ म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने काटकोनात फिरवा. ८ म्हणजे काट्याच्या उलट दिशेने काटकोनात फिरवा. उरलेले चार आकडे आरशातील प्रतिबिंबासारख्या उलटलेल्या चित्रांसाठी आहेत.

फोनमधील चित्रे पाहण्याचे ॲप ही चिठ्ठी इमानाने वाचते, म्हणून तेथे सारे ठीक दिसते. दुसऱ्या ॲपने ती वाचली नाही, की खोके उलटे उतरविले जाते. याहून विनोदी प्रकारही घडतो. लिहिणारा चिठ्ठी वाचतो, बिंदू खरोखरच फिरवून चित्र उभे करतो, परंतु चिठ्ठीवरचा आकडा ६ चा १ करावयास विसरतो. पुढचा वाचणारा ती चिठ्ठी पाहून चित्र पुन्हा फिरवितो आणि माणसे दुसऱ्या कुशीवर वळतात! सारांश, नियम एवढाच: एकदा फिरवावे आणि फिरविल्याची नोंद करावी.

फिरविण्याचे गणित शाळकरी मुलालाही समजेल इतके साधे आहे. चित्राची रुंदी ४००० आणि उंची ३००० बिंदू आहे असे समजू. ते उजवीकडे काटकोनात फिरविले, की रुंदी ३००० होते आणि उंची ४०००. वरच्या डाव्या कोपऱ्यातील बिंदू वरच्या उजव्या कोपऱ्यात जातो. वरच्या उजव्या कोपऱ्यातला खालच्या उजव्या कोपऱ्यात येतो. गफलत होते ती यात छाटणी मिसळली म्हणजे. आपण पडद्यावर चौकट ठेवतो ती उभ्या दिसणाऱ्या चित्रावर. लिहिणाऱ्याने मात्र तेच आकडे घेऊन मूळच्या आडव्या चित्रावर कात्री चालविली, तर वरच्या उजव्या कोपऱ्यातील आजोबांचे मुख निवडावे आणि हाती यावेत ते त्याच बाजूला खाली बसलेल्या कुणाचे तरी गुडघे! म्हणून क्रम ठरलेला असावा: आधी चित्र सरळ करावयाचे, मग त्यावर माप घ्यावयाचे आणि शेवटी छाटावयाचे. कापड बेतण्यापूर्वी शिंपी ते पसरून सरळ करून घेतो, तेही याच कारणाने.

मापाचीही एक मेख आहे. पडद्यावर दिसणारे चित्र आणि खरे चित्र एकाच मापाचे नसते. ३००० बिंदू रुंदीचे चित्र १००० बिंदू रुंदीच्या जागेत दाखविले असेल, तर पडद्यावरचा एक बिंदू म्हणजे चित्रातील तीन. डावीकडून २०० व वरून १५० बिंदू सोडून ४०० बिंदू बाजूची चौकट आपण ठेवली, तर खऱ्या चित्रात डावीकडून ६००, वरून ४५० आणि बाजू १२०० असे माप घ्यावे लागते. हा गुणाकार विसरला, की चेहऱ्याऐवजी कोपऱ्यातले छत छाटून येते. शिवाय दोन बोटांनी चित्र मोठे केले, की हा गुणक बदलतो. चित्राच्या कडेला पडद्याची काळी पट्टी उरली असेल, तर ती आधी वजा करावी लागते. नकाशाचे प्रमाण पाहून अंतर मोजणाऱ्यास यात नवीन काहीच नाही. तथापि घाईत विसरल्या जाणाऱ्या गोष्टी बहुधा साध्याच असतात.

काटकोनात फिरविणे एक आणि थोडेसे कललेले चित्र सरळ करणे वेगळे. क्षितिज किंवा देवळाची कमान पाच अंशांनी कललेली असेल आणि आपण चित्र तेवढे फिरविले, तर चारही कोपऱ्यांत रिकाम्या त्रिकोणी जागा उरतात. त्या झाकावयाच्या तर चित्र किंचित मोठे करून कडा सोडून द्याव्या लागतात. चारास तीन या प्रमाणाच्या चित्रात पाच अंशांसाठी सुमारे अकरा टक्के मोठे करावे लागते आणि क्षेत्रफळाचा जवळजवळ पाचवा हिस्सा हातचा जातो. पाच अंशांचे मोल इतके असते! चांगले ॲप ही सोडून दिलेली कड अंधूक करून दाखविते, म्हणजे आपण काय गमावतो आहोत ते डोळ्यांसमोर राहते.

यानंतर येते जागेची अडचण. चार हजार गुणिले तीन हजार म्हणजे एक कोटी वीस लाख बिंदू. साठविलेल्या फाईलचे वजन तीनचार मेगाबाइट दिसले, तरी ती दाबून घडी घातलेली असते. उघडून पसरली, की प्रत्येक बिंदूस चार बाइट या हिशेबाने तिला सुमारे ४८ मेगाबाइट जागा लागते. ते चित्र फिरविताना जुने आणि नवे अशी दोन्ही एकाच वेळी हाती धरली, तर ९६. महागड्या फोनला त्याचे काही वाटणार नाही. साध्या फोनवर मात्र ॲप मध्येच बंद पडते आणि मावशी किंवा काका समजतात, की आपलेच काहीतरी चुकले. शहाणा लिहिणारा पडद्यावर दाखविण्यासाठी लांबी-रुंदी पावपट केलेली लहान प्रत उघडतो. तिला सोळावा हिस्सा, म्हणजे तीनच मेगाबाइट जागा पुरते. चौकट तिच्यावर ठरते आणि अखेरची कात्री तेवढी मूळ चित्रावर चालते. आपल्या लिखाणामुळे सर्वांत साध्या फोनधारकाची अडचण होऊ नये, ही दृष्टी या व्यवसायात सौजन्याचीच एक खूण मानावी.

तयार साधनांविषयीही दोन शब्द लिहितो. आयफोनवरील जुन्या निवडखिडकीत संपादनाची मुभा दिली, की ती चौरस तुकडाच कापून देते. उभे किंवा आडवे हवे असेल, तर वेगळी सोय करावी लागते. अँड्रॉइडवर ‘दुसऱ्या ॲपकडून छाटून घेण्याची’ एक वाट पुष्कळांनी वापरली. परंतु ती सर्व फोनांत असेलच, असे वचन कधी दिले गेले नव्हते, आणि म्हणून ती काही फोनांवर चाले, काहींवर न चाले. अशा वेळी यूक्रॉपसारखे मुक्त साधन स्वतःच्या ॲपमध्येच बसविणे अधिक भरवशाचे.

आता या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट. छाटलेले चित्र साठविले, की मूळ चित्राचे काय होते? जेपेग या प्रचलित पद्धतीत चित्र आठ बिंदू लांब व आठ बिंदू रुंद अशा चौकोनांत विभागून दाबले जाते आणि दाबताना बारीक तपशील थोडा सोडून दिला जातो. तेच चित्र आज छाटून साठविले, उद्या फिरवून साठविले, परवा पुन्हा छाटले, तर दर खेपेस ते थोडे थोडे झिजते. नकलेवरून नक्कल करीत गेलेल्या पोथीत जसे अपपाठ वाढत जातात, तसेच हे. यावर उपाय एकच: मूळ चित्रास हात न लावता ‘इतके फिरवा, येथून येथपर्यंत छाटा’ ही आज्ञा तेवढी वेगळी नोंदवून ठेवावी आणि लागेल तेव्हा मुळावरून नवी प्रत काढावी.

हा विचार नवा नाही. रुडकीहून शिकून १८६६ साली इंदुरात बांधकाम खात्यात रुजू झालेल्या लाला दीनदयाळांनी तेथेच कॅमेरा हाती धरला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचे त्यांना उत्तेजन मिळाले आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांनी ‘राजा’ ही पदवी मिळविली. त्या काळातील चित्र काचेच्या पट्टीवर उतरे. तिच्यावरून काढलेल्या कागदी प्रतीची कड कापली, तरी काचपट्टी शाबूत असे आणि पन्नास वर्षांनी तिच्यावरून पुन्हा पूर्ण प्रत काढता येई. आजच्या आज्ञावलीत मूळ फाईलला काचपट्टीचाच मान दिला पाहिजे.

याच्या उलट बाजूचाही विचार हवा. कधी कधी छाटलेला भाग खरोखरच नाहीसा व्हावा, अशी आपली इच्छा असते. कागदपत्रावरील क्रमांक किंवा पत्ता झाकण्यासाठीच आपण कात्री चालवितो. मार्च २०२३ मध्ये दोन संशोधकांनी असे उघड केले, की गूगलच्या पिक्सेल फोनांतील मार्कअप या साधनाने छाटलेल्या पडदाचित्रांतून छाटलेला भाग पुष्कळसा परत मिळविता येत होता. कारण अगदी साधे होते. नवे लहान चित्र जुन्या मोठ्या फाईलवर लिहिले जाई. परंतु जुन्या फाईलचे उरलेले शेपूट तोडले जात नसे. पाटीवरचा अर्धाच मजकूर पुसून त्यावर नवा लिहावा आणि खालच्या ओळी तशाच राहाव्यात, तसे ते झाले. विंडोजच्या अकराव्या आवृत्तीतील चित्र कापण्याच्या साधनातही त्याच महिन्यात असाच दोष आढळला. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती झाली. पण त्यापूर्वी लोकांनी जी चित्रे पाठवून दिली होती ती कशी दुरुस्त व्हावीत? तेव्हा लिहिणाऱ्याने छाटलेले चित्र नेहमी नव्या कोऱ्या फाईलमध्ये लिहावे, आणि पाठविण्याच्या प्रतीतून चिठ्ठीतले ठिकाण व तीतच दडलेली मूळ चित्राची छोटी प्रतिमाही काढून टाकावी. फोनमध्ये ठिकाणाची नोंद चालू असेल, तर चित्र जेथे काढले तेथील अक्षांश-रेखांश त्या चिठ्ठीत असू शकतात. घरातील मुलींची चित्रे अनोळखी ठिकाणी पाठविणाऱ्या पालकांनी एवढे लक्षात ठेवलेच पाहिजे.

थोडक्यात, आपल्याजवळ मूळ पूर्ण असावे आणि दुसऱ्याकडे जावे ते नेमके तेवढेच असावे. चांगल्या आज्ञावलीची परीक्षा आम्ही या एका वाक्यात करू.

आणखी एक प्रश्न उरतो: चौकट कोठे ठेवावी हे कोणी ठरवावयाचे? पूर्वीच्या ट्विटरने २०१८ पासून चित्राचा ‘लक्षवेधी’ भाग यंत्राकडून निवडून तेवढाच दाखविण्यास आरंभ केला. यंत्राचा कल गोऱ्या चेहऱ्यांकडे असल्याची तक्रार २०२० मध्ये लोकांनी केली. मे २०२१ मध्ये त्या कंपनीने स्वतःच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. समसमान वागणुकीच्या तुलनेत गोऱ्यांकडे चार टक्के आणि स्त्रियांकडे आठ टक्के झुकते माप त्यात आढळले. अखेर चित्र कसे दिसावे हे माणसानेच ठरविणे बरे, असे कंपनीनेच म्हटले आणि फोनवर पूर्ण चित्र दाखविण्याची रीत पत्करली. यंत्राने सुचवावे, निवड मात्र माणसाची असावी.

आमच्या वाचकांसाठी ही गोष्ट दूरदेशीची नाही. जुन्या समूहचित्रांकडे जरा निरखून पाहा. मध्यभागी खुर्चीवर कर्ते पुरुष, त्यांच्या शेजारी वडीलधारे. आणि कडेला कोण? घरात नुकतीच आलेली सून, माहेरी परतलेली विधवा आत्या, दाराशी उभा असलेला घरातला जुना गडी. चौरसाच्या किंवा वर्तुळाच्या हौसेपायी कात्री चालते ती आधी यांच्यावर. घराच्या इतिहासात ज्यांचे नाव आधीच पुसट, त्यांचे मुखही त्या कात्रीने जाते. कडेला आणखीही पुष्कळ काही असते. दुकानाची पाटी, वाड्याचा दरवाजा, भिंतीवरची दिनदर्शिका, दुसऱ्या लिपीतील एखादे अक्षर यांवरून आपले कुटुंब कोणत्या गावी, कोणत्या काळी होते हे ताडता येते. घर सोडून चार पिढ्या झालेल्या माणसांना ही कडच पुराव्याच्या कामी येते. गोल चौकटीत तर मस्तकाचा वरचा भागच उडतो. पणजोबांची पगडी शिंदेशाही होती की होळकरी, हे सांगणारा घाट नेमका तेथेच असतो.

म्हणून वाचकांना आमची विनंती अशी. जुनी तसबीर फोनवर घेताना चौकटीसह पूर्ण घ्यावी. तिच्या पाठीमागे काही लिहिले असेल, तर त्याचेही वेगळे चित्र घ्यावे. आणि छाटावयाची ती प्रत छाटावी, मूळ नव्हे. वंशावळीच्या पुस्तकासाठी किंवा मंडळाच्या नोंदवहीसाठी चौरस चेहरा मागितला, तर तो जरूर द्यावा. पण त्यासोबत पूर्ण चित्र कोठे जपून ठेवले आहे, हे घरातील दोघांना तरी ठाऊक असावे. आणि ज्यांची मुले-मुली ही आज्ञावली लिहितात, त्यांनी त्यांना एकदा विचारून पाहावे: तुमच्या ॲपमध्ये छाटलेले परत पूर्ववत करता येते का? त्यांचे उत्तर ‘होय’ असेल, तर शाबासकी द्यावी. ‘नाही’ असेल, तर कडेला उभ्या असलेल्या त्या आत्याची तसबीर त्यांना दाखवावी. म्हणजे पुढची आवृत्ती ते निराळी लिहितील.